'१९१७' मधल्या न वाजणाऱ्या तोफा

सगळ्यात आधी मला कोणीतरी सांगा की ते दूध काढलं कोणी?

'१९१७' हा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच कळलं असेल. जर्मन सोडून गेलेलं शेत, पडकं घर, चेरीची झाडं बुंध्यापासून तोडलेली, आसपास चिटपाखरू नाही, पण एक गाय निवांत उभी आणि तिथंच बादलीत दूध. सिनेमाचा हीरो, इंग्रज शिपाई स्कोफील्ड, ते पितो, बाटलीत भरून घेतो, आणि रात्री तेच दूध तळघरातल्या तान्ह्या बाळाच्या कामाला येतं. म्हणजे स्टोरीला दूध पाहिजे होतं, मान्य. पण गाय काही स्वतःचं दूध स्वतः काढून बादलीत ठेवत नाही. आणि जर्मन तिथून गेले ते काही चहा घेऊन निरोप घेऊन गेलेले नव्हते. त्यांनी ही माघार आधीपासून आखलेली होती, तिला ऑपरेशन आल्बेरिश म्हणतात. ९ फेब्रुवारी १९१७ पासून पाच आठवडे नुसती तोडफोड चालू होती, गावं पाडली, रस्त्यांच्या चौकांत सुरुंग लावले, विहिरी घाण केल्या, फळझाडं कापली, गुरंढोरं नेली किंवा मारली, सव्वा लाखाच्या आसपास माणसं तिथून हलवली, आणि मग १६ ते २० मार्चच्या दरम्यान सैन्य मागं नवीन बांधलेल्या पक्क्या तटबंदीवर, म्हणजे हिंडेनबर्ग लाइनवर गेलं. एवढा पद्धतशीर कारभार करणाऱ्या लोकांनी एक दुभती गाय आणि भरलेली बादली तेवढी विसरली? बरं.

आता तुम्ही म्हणाल की सिनेमा आहे, सोड ना. सोडतो, सोडायला माझी काही हरकत नाही, मला सिनेमा आवडलाय हे आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली कोणी चिडायला नको. रॉजर डीकिन्सला कॅमेऱ्यासाठी ऑस्कर मिळालं ते मिळायलाच पाहिजे होतं. पण हा सिनेमा आला, २०२० च्या जानेवारीत, तेव्हापासून जो तो म्हणतो की युद्ध असं असतं बघा, अगदी रिअल, आपण तिथं असल्यासारखं वाटतं. तर त्या 'अगदी रिअल' वर मला बोलायचंय. कारण ह्या सिनेमात वस्तू सगळ्या बरोबर आहेत. ली-एनफील्ड रायफल, हेल्मेट, पट्टे, चामडी जर्किन, जर्मनांचे खंदक इंग्रजांच्या खंदकांपेक्षा खोल आणि पक्के, आत बंक वगैरे, हे सगळं बरोबर. चुकलीय ती आर्मी. म्हणजे लाखो माणसांची ती यंत्रणा कशी चालायची, कोण कोणाला काय सांगायचं, निरोप कसे जायचे, हे काही केल्या पटत नाही, आणि ज्यांना सर्व्हायव्हल सिनेमा म्हणतात त्यांचं बहुतेक इथंच बिनसतं, कारण त्यांना एकटा माणूस पाहिजे असतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी स्टोरी थोडक्यात. ६ एप्रिल १९१७. जनरल एरिनमोर (कॉलिन फर्थ) ब्लेक आणि स्कोफील्ड नावाच्या दोन लान्स कॉर्पोरलना बोलावतो आणि सांगतो की जर्मन पळाले असं समजून कर्नल मॅकेन्झी उद्या पहाटे हल्ला करणार आहे, पण तो सापळा आहे, जर्मनांनी मागं जबरदस्त तटबंदी बांधलीय, विमानातून काढलेल्या फोटोंत दिसलंय. जाताना जर्मनांनी टेलिफोनच्या तारा कापल्यात. तुम्ही चालत जा आणि हल्ला थांबवा, नाहीतर दोन बटालियन, १,६०० माणसं मरतील, आणि त्यात ब्लेक तुझा भाऊ पण आहे.

आमचे दाजी फौजेत सिग्नल्सला होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्यासोबत घरी टीव्हीवर बघत होतो आणि हा सीन आला तसं ते सरळ होऊन बसले. म्हणाले, "फोटो कशातनं काढले म्हणाला तो?" मी म्हणलं विमानातनं. "मग त्याच विमानातनं चिठ्ठी टाक की खाली!" मी म्हणलं दाजी, मग पिक्चर दहा मिनिटांत संपेल. "संपू दे ना. सोळाशे माणसं आहेत."

आणि दाजी विनोद करत नव्हते. १९१७ सालापर्यंत रॉयल फ्लाइंग कॉर्प्सची (तेव्हाचं इंग्रजांचं हवाई दल) विमानं हेच काम रोज करत होती, वजन आणि रंगीत फिती लावलेली पिशवी असायची, तिच्यात निरोप घालून वरून टाकायचे, मुद्दाम पायदळ कुठपर्यंत गेलंय ते बघायला कमी उंचीवरून उडणारी विमानं असायची. शिवाय कबुतरं होती, दिव्याचे सिग्नल होते. आणि रनर, म्हणजे निरोप पायी पोचवणारा शिपाई, पाठवायचा झाला तरी महत्त्वाचा निरोप एकाच जोडीच्या भरवशावर सोडत नव्हते, त्याच निरोपाच्या कॉप्या वेगवेगळ्या वाटांनी, थोड्या थोड्या वेळानं पाठवायचे, कारण रनर मरतात हे चौथीतल्या पोराला पण कळेल. मधे मधे रनरच्या चौक्या असायच्या, एकानं दुसऱ्याकडं द्यायचं. सोळाशे माणसांचा प्रश्न आणि जनरल दोन पोरं पाठवतो, त्यातल्या एकाची निवड का तर भाऊ तिथं आहे म्हणून. वर एकटा माणूस सगळ्यात वेगानं जातो अशा अर्थाची कवितेची ओळ म्हणून दाखवतो. दाजींचं म्हणणं, असा साहेब असेल तर आधी त्यालाच मेडिकलला पाठवा.

दिग्दर्शक सॅम मेंडिसचे आजोबा, आल्फ्रेड मेंडिस, खरंच रनर होते, त्रिनिदादहून येऊन रायफल ब्रिगेडमध्ये भरती झाले होते आणि त्यांना मिलिटरी मेडल मिळालं होतं, सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. पण त्यांची कामगिरी काय होती तर ऑक्टोबर १९१७ मध्ये पाशनडेलच्या चिखलात आपल्याच बटालियनचे विखुरलेले लोक शोधून काढणं आणि परत येणं. ते किती भयंकर होतं! पण त्यात विमान अंगावर पडत नाही, धबधबा नाही, जळणारं गाव नाही. मग ते वाढवत वाढवत नेलं.

तारखेकडं या आता. ६ एप्रिल ही तारीख कोणी आणि का निवडली मला माहीत नाही (अमेरिका त्याच दिवशी युद्धात उतरली हे खरं), पण त्या तारखेनं सगळा घोळ केलाय. जर्मन मार्चच्या मध्यावर गेले. म्हणजे ६ एप्रिलला इंग्रजांना ते जाऊन तीन आठवडे झाले होते, ती मोकळी जमीन ओलांडून ते केव्हाच पलीकडं पोचले होते. सिनेमात पहिल्या फळीतल्या लोकांना जर्मन गेलेत ह्यावर विश्वासच बसत नाही. आणि पुढं ज्या एकूस्त गावात रात्री आगी लागल्यात, जर्मन झिंगून फिरतायत, ते एकूस्त-सँ-मॅं इंग्रजांच्या सातव्या डिव्हिजननं (डिव्हिजन म्हणजे बऱ्याच बटालियनची मिळून एक फौज) २ एप्रिललाच घेतलं होतं, क्रोआझीय पण त्याच दिवशी. म्हणजे आपला हीरो ज्या गावातून जीव मुठीत धरून पळतोय तिथं खरं तर त्या रात्री इंग्रजांचे स्वतःचेच लोक असणार, चहाचं आधण ठेवून. अजून एक, ज्या सेकंड डेव्हन्सना, म्हणजे मॅकेन्झीच्या बटालियनला, निरोप द्यायचाय ती आठव्या डिव्हिजनमध्ये होती, दक्षिणेला बरीच लांब. सातव्या डिव्हिजनमध्ये डेव्हन्स होते पण आठवी आणि नववी बटालियन. हे मात्र मी धरत नाही, एवढी बारकाई कोणी करावी अशी माझी अपेक्षा नाही.

तोफा मात्र धरतो! ९ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, आरासची लढाई सुरू झाली. तिच्या आधीचा भडिमार ४ एप्रिलपासूनच चालू होता, २,८०० च्या आसपास तोफा, दिवसरात्र. आणि आरास तिथून किती लांब, तर पंधरा-वीस किलोमीटर. म्हणजे ६ एप्रिलला हे दोघं ज्या हिरव्या कुरणातून पक्ष्यांचे आवाज ऐकत चाललेत तिथं उत्तरेकडून सतत घरघर ऐकू यायला पाहिजे, पायाखाली जाणवायला पाहिजे, रात्री ती बाजू उजळलेली दिसायला पाहिजे. सिनेमाला साउंड मिक्सिंगचं ऑस्कर आहे आणि त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आवाजच त्यात नाही. एकदा हे डोक्यात बसलं की मग पुढचा सिनेमा शांत वाटायला लागतो, विचित्र शांत.

हवा पण चुकली. १९१७ चा वसंत तिकडं भयंकर गार होता, ९ तारखेला आरासला लोक हिमवर्षावात आणि गारठ्यात हल्ला करत होते. सिनेमात तोडलेल्या चेरींना पांढराशुभ्र बहर, पाकळ्या नदीवर तरंगतायत. झाडं मार्चच्या मध्यापर्यंत तोडलेली, कळी धरायच्या आधी, मग तोडल्यावर त्यांना फुलं आली का काय? दिसतं सुंदर, वादच नाही. (त्या गारठ्याचा एकच फायदा, बाटलीतलं दूध रात्रीपर्यंत नासलं नसतं. म्हणजे जो गारठा दाखवलाच नाही त्याच्या जिवावर ते दूध टिकलं.)

आणि नदी! त्या भागाची जमीन म्हणजे खडूच्या दगडाचं कोरडं माळरान, वळणावळणाच्या उताराचं, पाणी म्हणाल तर क्रोआझीयजवळ सांसे नावाचा एक ओढा आहे. स्कोफील्ड ज्या नदीत उडी मारतो तिला खडक आहेत, फेसाळता प्रवाह आहे, वर धबधबा. ते शूटिंग इंग्लंडच्या उत्तरेला टीस नदीवर केलंय. कोकणातून घाटावर येताना मधेच समुद्र लागला असं दाखवलं तर आपण सोडू का?

सगळा सिनेमा कट न करता एकाच शॉटमध्ये घेतलाय असा जो आभास आहे त्यानं अजून एक होतं, ज्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. कट नाही म्हणजे वेळ लपवता येत नाही, म्हणून मग अंतर चोरावं लागतं. सुरुवातीला दोघं झाडाखाली गवतात झोपलेत, उठून चालायला लागतात, आणि काही मिनिटांत पहिल्या फळीच्या खंदकात पोचतात. खऱ्या पश्चिम आघाडीवर मागच्या तळापासून पुढच्या खंदकापर्यंत जायला नुसते जोडखंदकच मैल-मैल लांब असायचे, रात्री चिखलातून सामान घेऊन जाताना माणसं अर्धमेली व्हायची. बहुतेक शिपायांच्या आठवणीत लढाईपेक्षा हे चालणं आणि ओझं वाहणं जास्त आहे. सिनेमात सगळं एकमेकाला चिकटलंय. शेत, मग टेकडी, मग ट्रक, ट्रकमध्ये बसून काही मिनिटं, मग पूल, मग गाव, मग नदी, आणि नदीतून बाहेर आला की बरोब्बर त्याच रानात जिथं त्याला जायचंय. नदीनं त्याला पत्त्यावर नेऊन सोडलं. कुरिअरवाला पण एवढं करत नाही.

विमान पडतं तो सीन, ज्याच्यावर सगळे हसतात, तो मला उलट बराच सहन होतो. एप्रिल १९१७ ला वैमानिकांच्या जगात रक्तरंजित एप्रिल म्हणतात, इंग्रजांची त्या एका महिन्यात २४५ विमानं गेली, तेव्हा आकाशात झुंज दिसणं रोजचं होतं. आता ते नेमकं ह्यांच्याच अंगावर कोसळणं हा योगायोग आहे, पण योगायोग युद्धात घडतात. जळत्या विमानातून वैमानिकाला बाहेर काढायचं आणि त्यानं घाबरून सुरा मारायचा, हेही अशक्य नाही. त्यानंतर ब्लेकच्या चेहऱ्यावरचा रंग कसा हळूहळू उतरत जातो ना, ते तर फार बरोबर केलंय, पोटात मोठी रक्तवाहिनी तुटली की माणूस तसाच जातो, बोलता बोलता. तिथं माझी काही तक्रार नाही. तसंच जर्मन खंदकातला सुरुंग, उंदरानं तार ओढल्यावर फुटतो तो. लोकांना ते फिल्मी वाटतं. पण जवळच्याच बापोम गावात जर्मनांनी टाउन हॉलमध्ये उशिरानं फुटणारा बॉम्ब ठेवला होता, ते १७ मार्चला गेले आणि २५ मार्चच्या रात्री तो फुटला, आत ऑस्ट्रेलियन सैनिक झोपले होते. तेव्हा सुरुंग पटतो.

पटत नाही ते त्यानंतरचं. बंद भुयारात एवढा स्फोट झाल्यावर स्कोफील्ड ढिगाऱ्याखाली गाडला जातो, ब्लेक त्याला ओढून काढतो, डोळ्यांत धूळ गेलीय म्हणून पाण्यानं धुतो, खोकतो, थोडं ओरडतो आणि चालायला लागतो. बंद जागेत स्फोटाचा दाब फुप्फुसांना आणि कानांना फाडतो. दोघंही तिथंच होते, दोघांनाही पुढच्या सीनमध्ये हळू आवाजातलं बोलणं ऐकू येतं. नंतर कालव्याच्या पुलाजवळ गोळीच्या धक्क्यानं जिन्यावरून मागं पडतो, डोकं आपटतं, आणि शुद्ध येते तेव्हा रात्र झालेली. म्हणजे काही तास बेशुद्ध. डोक्याला मार लागून माणूस इतके तास बेशुद्ध राहिला तर तो उठून गावभर धावत नाही हो, त्याला स्वतःचं नाव सांगता आलं तरी डॉक्टर खूश होतात. हा उठतो, धावतो, एकाचा गळा दाबतो, पोहतो, पुन्हा धावतो. मागून जर्मन गोळ्या झाडतायत आणि एकाचाही नेम लागत नाही, ते तर सोडूनच द्या, ते सगळ्याच सिनेमांत असतं.

आणि हात. ह्या सिनेमातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे स्कोफील्डचा डावा हात. नो मॅन्स लँड, म्हणजे दोन्ही फळ्यांमधली जमीन, ओलांडताना काटेरी तार तळहातात घुसते, ठीक, आणि लगेच थोड्या वेळात तोल जाऊन तोच हात एका सडलेल्या प्रेताच्या पोटात जातो. थिएटरमध्ये सगळे ईईई करतात. मी म्हणलं वा, आता काहीतरी होणार, कारण ह्या युद्धाचं खरं मरण तिथंच होतं. ती शेतजमीन, शतकानुशतकं शेणखत घातलेली, तिच्यातले जंतू जखमेत गेले की धनुर्वात किंवा गॅस गँगरीन, काही तासांत हात सुजून काळानिळा, मग कापायचा. पेनिसिलिन तेव्हा नव्हतंच. इंग्रजांनी १९१४ च्या शेवटापासून प्रत्येक जखमीला धनुर्वातावरचं सीरम टोचायची सक्ती केली होती ती उगाच नाही. म्हणजे लेखकानं इतकी जबरदस्त गोष्ट स्वतःच मांडून ठेवली, आणि मग? मग पट्टी बांधली, विषय संपला. पुढं नदीत पोहताना तो हात, रायफल धरताना तो हात, काही नाही. ताप नाही, सूज नाही. सगळा सिनेमा त्या एका हातावर चालला असता राव, संध्याकाळी ठणका, मध्यरात्री फुगलेला, पहाटे रायफल धरता येत नाही. त्यासाठी विमानं पाडायची पण गरज नव्हती.

ट्रकमधल्या शीख शिपायाबद्दल बोललं नाही तर चालणार नाही. तेव्हा तिकडं एका ब्रिटिश नटानं आक्षेप घेतला की इंग्रजांच्या सिनेमात हा शीख कशाला घुसवला, त्याला सगळ्यांनी झोडपलं, त्यानं मग माफीही मागितली. आपल्याकडं लोक खूश की बघा आपला माणूस दाखवला. आता गंमत अशी की हिंदुस्थानी सैनिक पश्चिम आघाडीवर होते हे शंभर टक्के खरं, १९१४ च्या शरद ऋतूत इंग्रजांची फळी तुटायला आली होती तेव्हा लाहोर आणि मीरत डिव्हिजननी ती धरून ठेवली, नव शापेलला मार्च १९१५ मध्ये अर्धा हल्ला ह्यांचाच होता. पण हे पायदळ १९१५ च्या शेवटी तिथून हलवून मेसोपोटेमियाला पाठवलं. १९१७ मध्ये फ्रान्समध्ये राहिलं होतं ते घोडदळ, त्यात आपली पूना हॉर्स पण होती (नावात पुणं, पण स्वार जास्त करून राठोड राजपूत आणि मुसलमान). तेव्हा इंग्रज पायदळाच्या ट्रकमध्ये एकटा शीख, नकला करून सगळ्यांना हसवतोय, हे जुळत नाही. पण आक्षेप घेणाऱ्याला जे वाटत होतं की हे लोक तिथं नव्हतेच, ते तर त्याहून खोटं. मला त्या सीनचा राग नाही येत, मला वाटतं की दाखवायचंच होतं तर घोडदळाची एक अख्खी तुकडी दाखवा ना, तोंडी लावायला एक माणूस कशाला.

आणि जगण्या-वाचण्याचीच गोष्ट पाहिजे असेल तर ते हलवलेलं पायदळ जिकडं गेलं तिकडं बघा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराला ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने तुर्कांचा वेढा पडला होता, आणि आत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाब्याकडची पोरं. गावागावांत तो एक छोटा दगड असतो बघा, चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत, ह्या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, तो त्याच काळातला. कूतमध्ये नुसतं पळायचं नव्हतं, बसून राहायचं होतं. धान्य संपत आलं, मग घोडे कापायला लागले, हिंदुस्थानी शिपाई घोड्याचं मांस खाईनात, मग धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या, तरी कित्येक महिने बरेच जण खाईनात, मग स्कर्व्ही, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. तिकडं गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याच्या पावावर होते तर त्यांना बेरीबेरी झाला. एकाच गावात, एकाच वेढ्यात, कोण काय खातो त्यावर कोणाला कुठला रोग. विमानातून धान्याची पोती टाकली, युद्धाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच केलं, त्यातली काही नदीत पडायची. जुल्नार नावाची बोट रात्री रसद घेऊन घुसायला निघाली ती तुर्कांनी पकडली. शेवटी १३,००० च्या आसपास लोक शरण गेले आणि वाळवंटातून चालवत नेले, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. ह्यात एकही धबधबा नाही. पण ह्यात प्रत्येक गोष्ट पटते, कारण भूक कशी हळूहळू काम करते हे सगळ्यांना माहीत असतं.

आता माझा खरा मुद्दा, जो मला बुलकूरच्या लढाईबद्दल वाचताना सुचला.

सिनेमाची मांडणी अशी की वर बसलेला जनरल शहाणा आहे, त्याला सगळं दिसतंय, आणि पुढं असलेला कर्नल हट्टी, त्याला आत्ताच्या आत्ता हल्ला करायचाय. शहाणपण वरून खाली जायला फक्त निरोप पोचायचा बाकी आहे. शिवाय तो हल्ला तोफांच्या भडिमाराशिवाय आहे, जे मला सुरुवातीला सगळ्यात अशक्य वाटत होतं, कारण १९१७ मध्ये पायदळाच्या पुढं सरकणारा भडिमार ही नेहमीची पद्धत झाली होती, त्याच्याशिवाय काटेरी तारेवर माणसं कोण पाठवेल?

तर एक जण होता. जनरल गॉफ, त्या भागातल्या इंग्रज फौजेचा प्रमुख. बुलकूर हे गाव एकूस्तपासून चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे, हिंडेनबर्ग लाइनमधलं. तिथं चौथ्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजननं हल्ला करायचा होता. तारा तोफांनी पुरेशा तुटलेल्या नव्हत्या. तर ठरलं की भडिमार नकोच, बारा रणगाडे पुढं जातील आणि तारा चिरडतील. हा हल्ला करू नका असं खालचे अधिकारी सांगत होते, ब्रिगेडवाले, डिव्हिजनवाले, कोअर कमांडर बर्डवुड सुद्धा. वरचा ऐकत नव्हता. म्हणजे सिनेमाच्या बरोब्बर उलट.

१० एप्रिलच्या पहाटे माणसं बर्फात उघड्यावर पडून राहिली, रणगाडे आलेच नाहीत, हिमवादळात अडकले. हल्ला रद्द. पण रद्द झाल्याचा निरोप शेजारच्या इंग्रजांच्या बासष्टाव्या डिव्हिजनला वेळेत पोचला नाही, त्यांचे लोक ठरल्याप्रमाणे पुढं गेले आणि १६२ जण मेले किंवा जखमी झाले. वाचून मी जागेवरच थांबलो, कारण ही सिनेमाचीच स्टोरी आहे, हल्ला थांबवा हा निरोप न पोचणं, तिथंच, चार दिवसांनी. टेलिफोन असून.

आणि ११ तारखेला पुन्हा तोच हल्ला, तसाच. रणगाडे बहुतेक बंद पडले किंवा जळाले. ऑस्ट्रेलियन पायदळ तरीही, भडिमाराशिवाय, हिंडेनबर्ग लाइनच्या खंदकांत घुसलं, जे कोणाला शक्य वाटत नव्हतं. आत तग धरून ते तोफांची मदत मागत होते, सिग्नलचे रॉकेट उडवत होते, आणि मागं तोफा गप्प, का तर कोणीतरी चुकीची बातमी दिली होती की आपले लोक आणि रणगाडे पुढच्या गावांपर्यंत पोचलेत, आता गोळा टाकला तर आपल्यांवरच पडेल. चौथ्या ब्रिगेडच्या ३,००० पैकी २,३३९ गेले, मेलेले, जखमी आणि कैदी धरून. एकूण १,१७० ऑस्ट्रेलियन त्या एका सकाळी जर्मनांच्या हातात सापडले, पहिल्या महायुद्धात एका लढाईत एवढे कधीच सापडले नव्हते.

दाजींना हे सांगितलं तर त्यांना आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. त्यांचा एकच प्रश्न, "रॉकेट दिसल्यावर पण तोफा सुरू केल्या नाहीत? कोणाची बातमी खरी धरायची ते ठरलेलं असतं की रे आधी."

सिनेमाच्या शेवटी स्कोफील्ड त्या पांढऱ्या खंदकाबाहेर येऊन हल्ल्याच्या लाटेला आडवा धावतो (तिथं दोनदा तो दुसऱ्या शिपायांवर आदळून पडतो ना, ते ठरवलेलं नव्हतं, शूटिंगमध्ये खरंच धडकले आणि ठेवलं, सगळ्या सिनेमातला सगळ्यात खरा क्षण), कर्नल मॅकेन्झीपर्यंत पोचतो, चिठ्ठी देतो. मॅकेन्झी हल्ला थांबवतो, आणि वैतागून म्हणतो की आज थांबवलं, पुढच्या आठवड्यात हेच लोक वेगळा हुकूम पाठवतील, पहाटे हल्ला करा म्हणून. लोक ह्या वाक्याला कडवट डायलॉग म्हणून टाळ्या देतात. सिनेमात ती ७ एप्रिलची सकाळ आहे. तिथून बुलकूरला हुकूम यायला आठवडासुद्धा लागला नाही.